पायाला मुंग्या आणि गोड गोळ्या

आमच्या समुपदेशन केंद्रात बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन येवो की रेशनकार्डाची, बोलण्याच्या ओघात दोन गोष्टी हमखास सांगते. अंगात त्राण नाही, आणि पायाला मुंग्या येतात. गेली दहा वर्षं मी हे ऐकते आहे. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला ‘मनोकायिक तक्रारी’ असा एक शब्द शिकवला होता. तो मी बराच काळ बिनदिक्कत वापरला. बाईचं दुःख शरीरातून बोलतं, असं टिपणात लिहायचं आणि पुढच्या बाईला आत बोलवायचं. त्या टिपणांची मला आज लाज वाटते, आणि ती वाटायला लावली आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी.

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. पन्नाशी उलटलेली. आठ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. तळपायाची आग व्हायला लागली, मग मुंग्या, मग चालताना पायातली चप्पल कधी निसटली तेच कळेना. दवाखान्यात सांगितलं तर पहिल्यांदा उत्तर मिळालं, ‘साखर आहे ना, मग असं होणारच.’ दुसऱ्यांदा, ‘वय झालं आता.’ तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी एक होमिओपॅथीवाले डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे गेल्या.

तिथे काय झालं ते मावशींच्याच शब्दांत सांगते. ‘ताई, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. झोप कशी लागते विचारलं, तहान किती लागते विचारलं, स्वप्नं कसली पडतात विचारलं. आई कधी गेली ते विचारलं. मला रडूच आलं. एवढं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.’ पाऊण तास. सरकारी दवाखान्यात त्यांच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं यायची, तीही उभ्याने.

साबुदाण्यासारख्या गोळ्या मावशींनी वर्षभर चघळल्या. झोप सुधारली. मुंग्या मात्र पावलावरून पोटरीपर्यंत चढल्या. एका पहाटे जिन्यात पडल्या, तेव्हा मी सोबत गेले आणि हट्टाने रक्ततपासणी करून घेतली. बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी निघालं.

मैत्रिणींनो, हे जीवनसत्त्व लागतं किती, तर दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण ते मिळतं फक्त दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाजीभाकरीत ते नाही. घरातलं दूध कुणाच्या पेल्यात जातं आणि मटणाचे तुकडे कुणाच्या ताटात पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या वाट्याला रस्सा येतो आणि वर सोमवार, गुरुवार, चतुर्थी असतेच. शिवाय खाल्लेलं अंगी लागण्यासाठी जठराचं काम नीट चालावं लागतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली, किंवा पित्ताच्या गोळ्या रोजच्या झाल्या, की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. म्हणजे मावशींच्या मुंग्यांचं खापर साखरेवर फोडलं गेलं, पण साखरेवरच्या गोळीचा त्यात हात असू शकतो, हे आठ वर्षांत कुणी तपासलंच नाही.

पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा मोठा अभ्यास केला. २००८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. मुंबईत तर १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग पाहायला आल्या होत्या. त्यांनी त्या बायकांना ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं नाही. त्या काय खातात ते पाहिलं, यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि रक्त सुधारलं. पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं गेलं, त्याचा माग असा गिरणीतल्या बायकांपासून सुरू झाला.

आज लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी अंगणवाडीपर्यंत पोचली आहे, ती हवीच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. पण त्या गोळीत बी-१२ नाही. आणि बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसू शकतं, नसांची झीज मात्र आत चालूच राहते. शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं २०२३ साली सुरू झालं, आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंडं कुणाला चालतं आणि कुणाला बाटवतं, हा वाद करणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येत नसाव्यात.

आता होमिओपॅथीकडे वळते, कारण आपल्या गटांत या विषयावर नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळी फसवणूक आहे, फेकून द्या. दुसरा म्हणतो, आधुनिक वैद्यक पुरुषी आणि बाजारू आहे, पर्यायी उपचार बाईला माणूस म्हणून बघतात. मी स्वतः कितीतरी दिवस या दुसऱ्या तटावर होते. आज माझं मत असं आहे. नेहमी दिलं जाणारं तीसच्या ताकदीचं औषध इतकं विरळ केलेलं असतं की मूळ पदार्थाचा एक कणही त्यात शिल्लक राहण्याची शक्यता जवळपास नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली सगळे उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही. आणि इथे तर प्रश्न साधा आहे. शरीरात एक वस्तू कमी आहे. ती आणून भरली पाहिजे. गोड गोळीत ती वस्तू नाही.

मग ‘पूरक’ उपचार म्हणून चालेल का? हा शब्द मला फार निसरडा वाटतो. पूरक म्हणजे जे काढून घेतलं तरी मूळ उपचाराचं काही अडत नाही, ते. मावशींना इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. तेव्हा गोळ्यावाल्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘इंजेक्शनाने आमच्या औषधाचा गुण मारला जातो.’ दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘कुणी सांगितला होता हा अडाणीपणा?’ परिणाम काय? मावशी दोघांशीही खोटं बोलायला लागल्या. आणि दोन इंजेक्शनं चुकवली. ज्याने आपलं ऐकून घेतलं त्याचं मन कसं मोडायचं, म्हणून.

या दोघांपैकी माझा जास्त राग कुणावर आहे सांगू? डॉक्टरीणबाईंवर. कारण त्यांच्या हातात खरं औषध होतं, आणि ते बाईच्या गळी उतरवायला लागणारं अर्धं मिनिट त्यांनी तिला अपमान करण्यात घालवलं. अर्थात या बाजूलाही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. तपासणी न करता ‘ताकदीचं लाल इंजेक्शन’ टोचून पैसे घेणारे गल्लोगल्ली आहेत. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक घ्यायची साठ हजार युनिटची पुडी नीट न समजावल्यामुळे रोज घेणारी बाई मी पाहिली आहे, आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून जिवावर बेतू शकतं.

आमच्या केंद्रात आता आम्ही प्रत्येक बाईला एक वही देतो. सगळी औषधं, कुणीही दिलेली, त्या एकाच वहीत लिहायची आणि ती वही प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवायची. गोड गोळ्या घेणाऱ्या बाईला आम्ही हसत नाही. इंजेक्शन बंद करायला सांगणाऱ्याकडे मात्र वही घेऊन आम्ही स्वतः जातो.

मावशींच्या पोटऱ्यांतल्या मुंग्या गेल्या. डाव्या तळव्याचा बधिरपणा राहिला आहे. नसांना फार काळ इजा झाली की ती पूर्ण भरून येतेच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘वर्षभर आधी कुणी रक्त तपासलं असतं तर?’ त्यांच्या दवाखान्यात मधुमेहाची गोळी घेणाऱ्या सगळ्या बायकांची बी-१२ तपासणी फुकट व्हावी, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यावर आतापर्यंत एकसष्ट सह्या आणि अंगठे झाले आहेत. पहिली सही मावशींची आहे.