बाईच्या हातात पाना



८ मार्च जवळ आला की आपल्याकडे ‘पहिली महिला’ शोधण्याची घाई सुरू होते. पहिली बसचालक, पहिली वैमानिक, पहिली इंजिन ड्रायव्हर. शाल-श्रीफळ दिलं जातं, फोटो छापून येतो. पण तिला हे काम कोणी शिकवलं, का शिकवलं, आणि तिच्या मागून दुसरी-तिसरी आली का, हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या अंकात अशाच एका ‘पहिली’विषयी लिहिते आहे. इंग्लंडमध्ये तिला शर्यतीत मोटार चालवणारी पहिली ब्रिटिश बाई म्हणून ओळखतात. मला मात्र ती मोटारींविषयी वृत्तपत्रात लिहिणारी बाई म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. तिचं नाव डोरोथी लेव्हिट.

डोरोथीचा जन्म १८८२ मध्ये लंडनमधला. नेपियर या मोटार कंपनीत ती टायपिस्ट-सेक्रेटरीची नोकरी करत होती. नेपियरच्या गाड्यांचा विक्रेता सेल्विन एज याच्या लक्षात आलं, की एखादी तरुण बाई शर्यतीत उतरली तर गाडीची आपोआप जाहिरात होईल. म्हणून तिला गाडी शिकवण्यात आली. हेतू धंद्याचा होता, पण डोरोथीने त्या संधीचं सोनं केलं. १९०३ मध्ये ती शर्यतीत उतरली. १९०५ मध्ये मेकॅनिक सोबत न घेता तिने लंडन ते लिव्हरपूल आणि परत असा सुमारे ४०० मैलांचा प्रवास केला. १९०६ मध्ये ब्लॅकपूल इथे ताशी जवळजवळ ९१ मैल वेगाने गाडी चालवून तिने बायकांमधला विक्रम नोंदवला. तरीही १९०७ मध्ये ब्रुकलँड्सची नवी शर्यतीची धावपट्टी सुरू झाली, तेव्हा बाई म्हणून तिला तिथे भाग घेऊ दिला नाही. जाहिरातीसाठी बाई चालत होती. बरोबरीने शर्यतीत उतरलेली चालली नाही.

याच काळात ती ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकात मोटारींवर सदर लिहीत होती. त्या लेखनातूनच १९०९ मध्ये तिचं ‘द वुमन अँड द कार’ हे पुस्तक आलं. इंग्लंडमधल्या बायकांना तेव्हा संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकारसुद्धा नव्हता. प्रस्तावनेत ती किती नाजूक, लाजाळू आहे हे आवर्जून सांगितलेलं आहे. यंत्र हाताळणारी बाई ‘बाई’च राहिली आहे, अशी खात्री वाचकांना द्यावी लागत होती. आपल्याला हे काही नवीन नाही.

पण प्रस्तावना ओलांडून पुढे गेलं की ही नाजूक बाई सरळ इंजिनालाच हात घालते. गाडी चालू कशी करायची, बंद पडली तर आधी काय तपासायचं, ठिणगी पडते की नाही हे कसं पाहायचं, ब्रेक कसा नीट करायचा, कपडे कसे घालायचे, खर्च किती येतो, सगळं साध्या भाषेत. यंत्र म्हणजे काही गूढ नाही, थोडा वेळ दिला तर कुठल्याही बाईला ते कळतं, हा तिचा सूर आहे. सीटखालच्या कप्प्यात हातआरसा ठेवा, तो उंच धरला की मागून येणारी वाहनं दिसतात, असंही ती सांगते. गाड्यांना मागचं दाखवणारा आरसा सर्रास बसवून येऊ लागला तो पुढे. चेहरा पाहण्याची वस्तू तिने रस्ता पाहायला वापरली.

तिच्या लेखनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिच्या वाचक म्हणजे मोटार घेणं परवडणाऱ्या बायका. त्यांच्या घरी राबणाऱ्या मोलकरणीसाठी हे पुस्तक नव्हतं. आणि एकटीने प्रवास करणारीने जवळ रिव्हॉल्व्हर बाळगावं, असा सल्लाही तिला द्यावा लागला. ज्ञान मिळालं तरी रस्ता आपला झालेला नसतो.

१९१० नंतर ती लोकांच्या नजरेआड झाली. मे १९२२ मध्ये लंडनमधल्या तिच्या राहत्या जागी ती मृतावस्थेत सापडली. आजारपणात घेतलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू झाला आणि तो अपघाती होता, असा निर्णय चौकशीत देण्यात आला. वय अवघं ४०. कंपनीची जाहिरात करून झाली होती. तिच्यामागे उभी राहील अशी कोणतीही संघटना नव्हती.

या तुलनेत सू बेकर या ब्रिटिश पत्रकाराचं उदाहरण बघा. ‘ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्रात त्या १३ वर्षं मोटार विभागाच्या संपादक होत्या. १९८० ते १९९१ या काळात बीबीसीच्या ‘टॉप गियर’ कार्यक्रमातून त्या गाड्यांची पारख करून सांगत. २०२२ मध्ये त्या वारल्या. गाडी कंपनीची असली तरी मत त्यांचं होतं, कारण पगार वृत्तपत्राचा होता. एकीला कंपनीने पुढे केलं, दुसरीच्या हातात संपादकाचं पद होतं. हा फरक हुशारीचा नाही, कामाच्या जागी मिळालेल्या अधिकाराचा आहे.

वस्तीत काम करताना मी हेच बघते. योजनेतून बायका रिक्षा, टेम्पो शिकतात, लायसन्स निघतं, उद्घाटनाला पाहुणे येतात. महिन्याभरात गाडी बिघडते. गॅरेजवाला तिच्याशी बोलतच नाही, “घरातल्या माणसाला पाठवा” म्हणतो. मग काय बिघडलं, किती खर्च आला, हे सगळं नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात जातं. मागोमाग कमाईही जाते. स्टिअरिंग बाईच्या हातात, पण पाना पुरुषाच्या हातात, असं हे अर्धं स्वातंत्र्य आहे.

म्हणून आपल्या गटांपुढे दोन गोष्टी मांडते. जिथे आपण बायकांना गाडी शिकवण्याचा आग्रह धरतो, तिथे दुरुस्तीही शिकवली गेलीच पाहिजे, असा आग्रह धरूया. स्टेपनी बदलणं, प्लग साफ करणं, ऑइल तपासणं, गॅरेजचं बिल वाचणं, एवढं तरी. आणि ज्या बायका हे शिकल्या आहेत, त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं, आपण उतरवून घेऊ. या पानांवर त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

डोरोथीने हेच केलं होतं, पण एकटीने. सत्काराची शाल पहिलीच्याच खांद्यावर राहते. लिहून ठेवलेलं, शिकवलेलं काम मात्र दुसरीच्या, तिसरीच्या हाती जातं. आपल्याला त्या तिसरीची काळजी जास्त असायला हवी.

तुमच्या गटात असे काही प्रयोग झाले असतील, फसलेले असले तरीही, जरूर कळवा.