गर्दी आणि गर्दीचा बनाव

जाहिरात आता भिंतीवरून उतरून गर्दीत मिसळली आहे. स्थानकावर वा मॉलमध्ये काहीजण अकस्मात एका तालावर नाचू लागतात, पाच मिनिटांत पांगतात. ते दृश्य समाजमाध्यमांवर फिरते आणि अखेरीस एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह झळकते. याकडे तरुणांची निरुपद्रवी गंमत म्हणून पाहिले जाते. आम्हांला मात्र येथे गर्दीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न दिसतो.

'फ्लॅश मॉब' मुळात विक्रीसाठी जन्मला नव्हता. 2003 मध्ये न्यूयॉर्क येथे बिल वासिक या संपादकाने तो घडवला आणि माणसे कळपामागे कशी जातात हे पाहण्याचा तो प्रयोग होता, असे 2006 मध्ये 'हार्पर्स' मासिकात सांगितले. त्याच 2003 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये त्याचे अनुकरण झाले. 27 नोव्हेंबर 2011 रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सुमारे दोनशे जण नाचले. तीन वर्षांपूर्वी जेथे गोळीबार झाला होता तेथेच माणसे नाचताना पाहणे अनेकांना हृद्य वाटले. पण त्याआधीच, जानेवारी 2009 मध्ये, लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरील अशाच नृत्यातून टी-मोबाइलने आपली जाहिरात बनवली होती. प्रयोगाचा माल झाला तो असा.

यावर कोणी म्हणेल, सोंग आपल्याला नवे आहे काय? नाही. बहुरूपी पोलीस होऊन दारात येई, वॉरंट निघाल्याची धमकी देई. परंतु शेवटी सोंग उघड करून बिदागी मागे. फसवणूक आणि तिचा उलगडा एकाच उंबरठ्यावर होत असे. पथनाट्य तर आधी डफ वाजवून, वर्तुळ आखून आपण नाटक असल्याचे जाहीर करते. उल्हासनगरच्या मालावरील 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोददेखील विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक असतो. या सर्वांत प्रेक्षक हा कराराचा भागीदार आहे. जाहिरातीच्या बनावात तो केवळ कच्चा माल ठरतो: त्याचे दचकणे, त्याचे हसू कॅमेरा टिपतो, आणि उलगडा होतो तो त्याच्या पाठीमागे, परक्या पडद्यावर.

'कुणाचे काय बिघडले?' या प्रश्नाचे उत्तर आमच्या परिसरातच आहे. 20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकात शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ लोक रुळांवर उतरले आणि संध्याकाळपर्यंत हटले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्या आंदोलनामागे राजकीय हेतू असल्याचे म्हटले. गर्दी उत्स्फूर्त की आणलेली, हा वाद सत्तेला नेहमीच सोयीचा असतो. तो जाहिरातदारांनी निर्माण केला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु उत्स्फूर्ततेचा अभिनय रोजचा झाला की खऱ्या उद्रेकाकडेही लोक आधी 'हे कोणी घडवले?' अशा नजरेने पाहू लागतात. आणि ज्यांच्याजवळ ना पैसा ना पद, त्यांच्याजवळ एकत्र जमणे एवढेच एक साधन उरते.

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीला जमणारा मेळा असो की कर्जत-कल्याण मार्गावरची सकाळची लोकल, येथील माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर विसंबून गर्दीत उभा राहतो. हा विसंबा सार्वजनिक ठेव आहे. ती खासगी नफ्यासाठी खर्चण्याचा अधिकार कोणाला नाही.

बंदी हा यावरचा उपाय नव्हे. तिचा पहिला बळी पथनाट्यच ठरेल. आमची मागणी साधी आहे. ज्यांना रस्त्यावर सोंग आणायचे आहे त्यांनी ते जरूर आणावे. मात्र खेळ संपताच, त्याच जागी, समोरच्या माणसांना आपण कोण आणि कोणासाठी आलो हे सांगावे, आणि चित्रण वापरण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी. बहुरूप्याने पाळलेली मर्यादा जाहिरात संस्थांना जड जाऊ नये.