उंदराचं लिव्हर वाचलं, म्हणजे आपलं वाचेल का?

‘अमुक अर्कामुळे उंदरांना फॅटी लिव्हर झालंच नाही’ अशी बातमी फोनवर येते आणि तिच्या खालीच त्या अर्काच्या कॅप्सूलची जाहिरात असते. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. पण मूळ प्रयोगाने नेमकं काय दाखवलं, हे तिच्यात क्वचितच असतं. ते कसं तपासायचं, बघूया.

प्रयोग कसा होतो?

उंदरांना असा आहार देतात की ज्यातल्या सुमारे ६० टक्के कॅलरीज चरबीतून येतात. काही आठवड्यांत ते लठ्ठ होतात, लिव्हरमध्ये चरबी साठते. पण फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर कडक करणारे व्रण, या आहाराने फारसे होत नाहीत. आणि माणसासाठी खरा धोका तोच आहे. दुसऱ्या एका आहारातून मेथिओनिन आणि कोलीन काढून टाकतात. त्याने लिव्हरला सूज लवकर येते, पण उंदराचं वजन घटतं. आपल्याकडच्या बहुतेक पेशंटच्या बरोबर उलट!

तीन प्रश्न विचारा

१. औषध कधी सुरू केलं? ‘प्रतिबंध’ प्रयोगात ते बहुधा आहारासोबत पहिल्या दिवसापासून देतात. म्हणजे नव्या कोऱ्या सर्व्हरवर टेस्ट केली. पेशंट मात्र दहा वर्षं जुनी सिस्टम घेऊन येतो.

२. उंदरांनी कमी खाल्लं का? कडू अर्क खाण्यात मिसळला की उंदीर कमी खाऊ शकतो. मग लिव्हर अर्काने सुधारलं की उपासाने? चांगल्या प्रयोगात दुसऱ्या गटालाही मोजून तेवढंच खायला देतात.

३. तुलना कशाशी? साध्या धान्याच्या खाद्यात तंतू आणि इतर बरंच काही असतं. त्याच्याशी तुलना केली, तर फरक नुसत्या चरबीचा उरत नाही.

उंदरात पास, माणसात नापास

एलाफिब्रानॉर या औषधाने उंदरांमध्ये चांगला परिणाम दाखवला होता. फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारावरच्या मोठ्या मानवी चाचणीत, २०२० मध्ये, ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. याउलट मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना याच आजारासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली, ती माणसांच्या लिव्हरचे तुकडे तपासल्यावर. तीही व्रण बऱ्यापैकी वाढलेल्या पेशंटसाठी, आहार आणि व्यायामाच्या जोडीने.

कॅप्सूलचं काय? ग्रीन टीच्या अर्काने उंदरांच्या लिव्हरमधली चरबी घटल्याचे प्रयोग आहेत. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर लिव्हरला इजा होत असल्याच्या खुणा दिसू शकतात. हळद-कर्क्युमिनच्या औषधांबद्दल ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तसाच इशारा दिला. कपभर चहा किंवा भाजीतली हळद वेगळी, आणि एकवटलेला अर्क वेगळा. लिव्हर वाचवायला घेतलेली गोळीच लिव्हरवर उठू शकते.

मग उंदीर नकोच?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधांपासून. त्याऐवजी मानवी पेशींपासून बनवलेले छोटे अवयव आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरायचे. भारतानेही २०२३ मध्ये नियम बदलून अशा पद्धतींना वाट करून दिली. पण लिव्हर, आतडं, चरबी आणि भूक हे सगळं एकत्र कसं चालतं, हे अजून पेशींच्या गोळ्यात पूर्ण दिसत नाही. उंदीर ‘हे कसं घडतं’ हे सांगतो. ‘तुम्ही हे घ्या’ असं सांगणं त्याचं काम नाही.

माणसांवर तपासलेली गोष्ट एव्हाना आपल्या हातात आहे. लठ्ठपणा असेल तर वजन ५ टक्के घटलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, आणि ७ ते १० टक्के घटलं तर सूजही उतरू शकते. ८० किलोच्या माणसासाठी सुरुवात म्हणजे ४ किलो. पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तिच्यात ‘उंदीर’ हा शब्द कुठे आहे, तेवढं शोधा.