पाय एकाचा, जोखीम दुसऱ्याची

श्रमिकांच्या प्रश्नांचा विचार करताना आपल्या चळवळीच्या डोळ्यांसमोर गिरणी कामगार येतो, हमाल येतो, विड्या वळणारी स्त्री येते आणि अलीकडे घरकाम करणारी मोलकरीणही येऊ लागली आहे. ब्युटी पार्लरमध्ये राबणारी मुलगी मात्र अद्याप येत नाही. पार्लर म्हणजे चैनीचा व्यवहार, आणि चैनीशी आपला संबंध काय, असा सोयीस्कर समज त्यामागे आहे. पण चैन असलीच तर ती गिऱ्हाइकाची असते. पार्लरमधील मुलीच्या वाट्याला येतात ते श्रमच. बुटक्या स्टुलावर बसून, परक्याचा पाय मांडीवर घेऊन तो घासणे, नखे कापणे, भेगाळलेल्या टाचांची मेलेली कातडी काढणे, हे पेडिक्युअरचे काम आज महानगरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही चालते. ते करणाऱ्या स्त्रीसमोर वारंवार उभा राहणारा एक प्रश्न येथे विचारार्थ घ्यावयाचा आहे. समोर आलेल्या पायाला संसर्ग झालेला असेल तर तिने काय करावे?

वैद्यकशास्त्राचे उत्तर सरळ आहे. काम सुरू करण्यापूर्वी पाय नीट पाहावा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, नख पिवळे पडून जाड व ठिसूळ झाले असेल, नखुरडे होऊन पू धरला असेल, तळव्यावर चामखीळ किंवा उघडी जखम असेल, तर त्या पायावर काम करू नये. गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जाण्यास सांगावे. चिखल्या आणि नखांचे हे दुखणे बहुधा बुरशीमुळे होते. कातडीच्या व नखांच्या कणांबरोबर ती बुरशी टबात, टॉवेलवर, कानशीवर राहते आणि पुढच्या माणसाच्या पायावर जाते. पायाचे नख मुळापासून पुन्हा वाढण्यास वर्ष-दीड वर्ष लागते, हे लक्षात घेतले म्हणजे क्षणभराच्या हलगर्जीपणाची किंमत किती काळ मोजावी लागते ते कळेल. मधुमेह्यांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांच्या पायांची संवेदना मंदावलेली असते. ब्लेड लागले तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्यापर्यंत पाळी येते.

ही झाली गिऱ्हाइकाची बाजू. काम करणाऱ्या स्त्रीचे हात दिवसभर पाण्यात आणि साबणात असतात. त्यांची कातडी मऊ पडून फुटते आणि फुटलेल्या कातडीतून संसर्गाला वाट मिळते. ब्लेडने रक्त आले तर काविळीच्या 'ब' प्रकारासारख्या रोगांची भीती असते. त्यावर लस आहे. परंतु ती या मुलींना आपल्या खर्चाने टोचून देणारे मालक किती सापडतील?

आता प्रश्न असा की, उत्तर इतके सरळ असताना ते पाळले का जात नाही? मुलींना शिकवण नाही म्हणून, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते अर्धसत्य आहे. पुष्कळजणी काम करता करताच शिकतात हे खरे. तथापि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून कॉस्मेटॉलॉजी शिकून आलेल्या मुलीचीही स्थिती वेगळी नसते. तिला मिळणारा मोबदला पुष्कळदा गिऱ्हाइकांच्या संख्येवर किंवा कमिशनवर ठरतो. गिऱ्हाईक परत पाठवले तर तिचे कमिशन बुडते आणि मालकाची नाराजी पदरात पडते. ॲपवरून काम घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर पदरचे भाडे खर्चून गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पाय पाहावयास मिळतो. तेथे 'नाही' म्हणावे तर गिऱ्हाईक कमी तारे देऊन मोकळे होते आणि पुढची कामे आटतात. उपकरणे आधी साबणपाण्याने घासून, मग जंतुनाशकात पूर्ण वेळ बुडवून ठेवावी लागतात. नुसत्या निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून ती निर्जंतुक होत नाहीत. या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे तिला कोणी देत नाही. ज्या वेळेची मजुरी मिळत नाही, तो वेळ कामातून प्रथम गळतो. हा अर्थशास्त्राचा नियम आहे; त्यावर नीतिपाठ देऊन उपयोग नाही.

अमेरिकेतील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एकाच सलूनमध्ये पेडिक्युअर करून घेतलेल्या शंभराहून अधिक लोकांच्या पायांवर गळवे उठली. तपासात असे आढळले की, टबात पाणी खेळवणाऱ्या यंत्राच्या जाळीमागे केसांचा व कातडीच्या कणांचा थर साचला होता आणि तेथे क्षयाच्या जंतूच्या कुळातील एक जंतू वाढत होता. म्हणजे रोगी पाय ओळखून परत पाठवणे एवढ्याने भागत नाही. निरोगी दिसणारे पायही अस्वच्छ टबात जाऊन आजारी पडतात. या घटनेनंतर तेथील सरकारने प्रत्येक गिऱ्हाइकानंतर टब निर्जंतुक करणे, दररोज जाळी काढून धुणे व त्याची नोंद ठेवणे बंधनकारक केले. पुढे २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील नेल सलूनच्या कामगारांची पिळवणूक वृत्तपत्रांतून उघड झाली, तेव्हा त्या राज्याने हातमोजे पुरवण्याची सक्ती आणि बुडीत वेतनाची हमी या दोन्ही गोष्टी बरोबरच हाती घेतल्या. भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यालाही आरोग्य आणि वेतन यांची फारकत करता आली नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. कर्मचारी राज्य विम्याची सक्तीही दहाच्या आकड्यापासूनच सुरू होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना मुख्य तरतुदींतून वगळले होतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. दोन-तीन मुली ठेवून चालणारे गल्लीतले पार्लर या सर्व कायद्यांच्या जाळ्यातून अलगद खाली पडते. ॲपवर काम करणाऱ्या स्त्रीला तर कंपनी कामगार मानायलाच तयार नसते, ती 'भागीदार'! सामाजिक सुरक्षा संहितेत तिचा उल्लेख आहे, परंतु कामाच्या जागी सुरक्षित राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अशा ब्युटिशियन स्त्रियांनी कंपनीच्या कार्यालयासमोर धरणे धरले. भरमसाट कमिशन, सक्तीने घ्यावा लागणारा माल आणि ताऱ्यांचा जाच या त्यांच्या तक्रारी होत्या. हा नव्या श्रमिक वर्गाचा आवाज होता. आपण तो पुरेसा ऐकला नाही.

तेव्हा पहिली मागणी नकाराच्या अधिकाराची असली पाहिजे, आणि तो नकार सवेतन असला पाहिजे. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आपल्या समाजात अंगसेवेच्या नकाराला वाईट इतिहास आहे. गावगाड्यात दलितांची हजामत करण्यास नकार दिला जाई, तो रोगामुळे नव्हे, जातीमुळे. चिखल्या कोणाला होतात? भातलावणीच्या चिखलात उभे राहणाऱ्या बाईला, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला, दिवसभर गमबूट घालणाऱ्या मजुराला. अशा पायाकडे पाहून नाक मुरडणे म्हणजे श्रमाचाच अपमान होय. म्हणून नकार त्या दिवशीच्या कामाला असावा, माणसाला नसावा. गिऱ्हाइकाशी एकीकडे, हलक्या आवाजात बोलावे. रोगाचे निदान सांगण्याच्या भरीस न पडता डॉक्टरला दाखवण्याचा सल्ला द्यावा. पैसे घेतले असल्यास परत करावे. पाय बरा झाल्यावर पुन्हा येण्याचे निमंत्रण द्यावे.

याच भूमीत नकाराचा दुसरा, उजळ इतिहासही आहे. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. एकट्या नाभिकाने नकार दिला असता तर त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले असते. सभेने नकार दिला म्हणून तो सामाजिक विचार ठरला. पार्लरमधील एकट्या मुलीला धैर्याचा उपदेश करणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, लहान पार्लर चालवणारी स्त्रीदेखील कर्ज काढून पोट भरणारी असते; तिच्यावर हा बोजा कसा टाकावा? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या हमालांसाठी मंडळे नेमली, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि एका मालकाला न पेलणारी जबाबदारी सर्वांत वाटून दिली. तोच मार्ग येथे शक्य आहे. सौंदर्यसेवा कामगारांचे मंडळ असावे. ॲप कंपन्यांनी व मोठ्या साखळी पार्लरांनी त्यात प्रमुख वाटा द्यावा. त्या निधीतून हातमोजे, उपकरणांचे दोन संच, काविळीची लस आणि नाकारलेल्या कामाची भरपाई मिळावी. उपकरणे स्वच्छ करण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जावा. ॲपवर नोंदणी करतानाच जखम, संसर्ग व मधुमेह यांविषयी विचारणा व्हावी, आणि आरोग्याच्या कारणाने दिलेल्या नकारावर तारे कमी करण्याची मुभा नसावी.

हे सारे कायद्याने होईल तेव्हा होईल. तोवर शाखांनी आपापल्या भागातील पार्लरांत जाऊन या स्त्रियांची नोंद करावी, त्यांची एक सभा घ्यावी, नगरपालिकेच्या दवाखान्यातील डॉक्टरांना तेथे बोलवावे, आणि पाय पाहिल्याशिवाय काम नाही हा एकच ठराव गावातील सर्व पार्लरांकडून करून घ्यावा. सर्वांनी तो एकाच दिवसापासून पाळला, तर नाकारलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या पार्लरची वाट राहणार नाही, दवाखान्याचीच राहील. एवढे काम करण्यास कोणत्याही संहितेची परवानगी लागत नाही.