दहावीवर नर्सिंगचे फ्लेक्स आणि बारावीत राहिलेली इंग्रजी

२०२५ चा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, दहावीचा १३ ला. आठवडाही झाला नाही तोच तालुक्याच्या बसस्थानकासमोर फ्लेक्स चढले. पांढऱ्या कोटातली मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि वर मोठ्या अक्षरात ‘दहावी पास, बारावी नापास, नर्सिंगला थेट प्रवेश, नोकरीची हमी’. खाली दोन मोबाईल नंबर. पत्ता नाही, मान्यतेचा क्रमांक नाही. बाजारच्या दिवशी त्या फ्लेक्सखाली मी अर्धा तास उभा राहिलो. तेवढ्यात तीन बाप मोबाईलमध्ये नंबर टिपून गेले. एकाच्या हातात खताच्या दुकानाची पिशवी होती.

हे नंबर टिपणारे कोण, ते आधी बघू. २०२५ ला राज्यात बारावीला १४ लाख १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थी बसले आणि १३ लाख २ हजार ८७३ पास झाले. म्हणजे ९१.८८ टक्के. टीव्हीवर तेवढंच आलं. पण १ लाख १५ हजारांवर पोरं मागं राहिली, त्यांच्या घरी कॅमेरा जात नाही. शाखेनुसार बघितलं तर चित्र अजून उघडं पडतं. विज्ञान ९७.३५ टक्के, वाणिज्य ९२.६८ आणि कला ८०.५२. कला शाखेत पाचातलं एक पोर राहिलं.

आणि आमच्या धारूर-वडवणीच्या पट्ट्यात गावातल्या मुलीला मिळते ती बहुतेक कला शाखाच. विज्ञानाचं कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळत नाही, क्लासची फी झेपत नाही. त्यात आईबाप कारखान्यावर. २०२५ ला बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, तेव्हा कोयते अजून फडातच होते. घरी आजी, दोन लहान भावंडं आणि पेपर देणारी मुलगी. भाकरी थापून, जनावरांचं बघून इंग्रजीचा पेपर द्यायचा. तिची इंग्रजी राहते यात नवल कसलं?

आता घरचंच सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरचं सांगितलं की लोकांना ती बातमी वाटते.

माझी पुतणी २०२३ ला बारावी कलाला बसली आणि इंग्रजीत राहिली. तिला लहानपणापासून सिस्टर व्हायचं होतं. असाच एक फ्लेक्स बघून थोरल्या भावानं फोन लावला. तिकडची बाई फार गोड बोलली, “दादा, नापास झाली म्हणून काय झालं, आम्ही दहावीच्या मार्कांवर घेतो.” एका वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’, फी साठ हजार. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं १३ क्विंटल सोयाबीन ४,७०० नं घातलं आणि फी भरली. मला विचारलं तेव्हा मीही ‘भर’ म्हणालो. बातमीदार असून एक कागद तपासला नाही, हे लिहायला आज लाज वाटते.

वर्षभर ती गेली. गणवेश मिळाला, बीपी बघायला, सलाईन लावायला शिकली. शेवटी रंगीत छपाईचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेली तर तिथं पहिला प्रश्न, “कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?” संध्याकाळी तिनं मला विचारलं, “तात्या, ह्याचं रजिस्ट्रेशन कुठं करायचं?” ते कुठंच होत नव्हतं. ज्या शाळेला मान्यता नाही, तिच्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी करत नाही. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यानं तिला सहा हजारांवर ठेवलं. काम सिस्टरचं, पगार मदतनिसाचा आणि काही बरंवाईट झालं तर अंगावर तिच्याच.

लोक इतक्या सहज का फसतात, याचा मी नंतर विचार केला. माझ्या मते लोक खुळे नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे. एकेकाळी एएनएमला, म्हणजे आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या कोर्सला, दहावी चालायची. गावोगावी आज निवृत्तीला आलेल्या कितीतरी सिस्टर दहावीवरच लागलेल्या आहेत आणि त्यांनी हजारो बाळंतपणं नीट केली. भारतीय परिचर्या परिषदेनं २०१२-१३ च्या सुमाराला अभ्यासक्रम बदलला आणि एएनएमला बारावी आवश्यक केली. नियम बदलून दहा वर्षं उलटून गेली, पण तो बदल पारावर कुणी सांगितलाच नाही. फ्लेक्सवाले नेमका तोच जुना नियम विकतात.

आजचा नियम असा आहे. एएनएम दोन वर्षांचं. त्याला बारावी पास पाहिजे, कला शाखाही चालते, वय १७ ते ३५. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही वेगळे ४० टक्के लागतात. या दोन्हींची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, ती विद्यापीठाची पदवी नव्हे. विद्यापीठाचं म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं शिक्षण बीएस्सी नर्सिंगपासून सुरू होतं. तिथं बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हेच विषय लागतात, खुल्या गटाला ४५ टक्के आणि वर राज्याची सीईटी. कला शाखेत नव्वद टक्के पडले तरी तिथलं दार उघडत नाही. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी यांना तर नीट परीक्षाच. डी.फार्मसीलाही विज्ञान शाखेची बारावी लागते.

बारावीच्या कागदाची किंमत दुसऱ्या एका गोष्टीवरूनही कळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. पण ते सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना. जी मुलगी एका विषयासाठी त्या रांगेच्या बाहेर राहिली, ती साठ हजार रोख भरते. ज्याच्याकडं कमी, त्यानं जास्त भरायचं, असा हा हिशेब.

लॅब टेक्निशियन, एक्स-रे, ऑपरेशन थिएटरच्या कोर्सचं तसंच. संसदेनं २०२१ ला या व्यवसायांसाठी वेगळा आयोग नेमणारा कायदा केला. त्यात सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांत पुरं होणारं शिक्षण सांगितलंय. आता सहा महिन्यांच्या ‘डीएमएलटी’त दोन हजार तास कसे बसतात, ते फ्लेक्सवाल्यालाच विचारा. रोज अकरा तास, रविवारसकट. चालवतात ते शनिवार-रविवार.

मग बारावी राहिलेल्या मुलीनं करायचं काय? रस्ता आहे, पण तो बारावीतूनच जातो.

एक-दोन विषय राहिले असतील तर सगळ्यात जवळचा रस्ता पुरवणी परीक्षेचा. २०२५ ला ती २४ जूनपासून होती. फॉर्म शाळा-कॉलेजमार्फतच भरावा लागतो आणि निकालानंतर मुदत थोडेच दिवस असते. फी काहीशे रुपयांत, साठ हजारांत नाही. एवढी साधी गोष्ट, पण राहिलेल्या मुलांना ती सांगायला आमच्याकडच्या किती कॉलेजांनी फोन केले? मी पाच घरी विचारलं, एकालाही फोन आलेला नव्हता. पास झालेल्यांचे फोटो मात्र कॉलेजच्या फ्लेक्सवर दुसऱ्याच दिवशी.

ज्यांनी दहावी करून शाळाच सोडली, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची बारावी बाहेरून देता येते. आणि तिसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. हा आमच्याकडं फार कमी जणांना माहीत आहे. तिथं पाच विषय, पास व्हायला ३३ टक्के, वर्षातून दोनदा परीक्षा आणि पाच वर्षांत नऊ संधी. दुसऱ्या मान्य मंडळात पास झालेले दोनपर्यंत विषय तिकडं जमा धरता येतात. ऊसतोडीला जाऊन आलेल्या मुलीला ऑक्टोबर नाही जमला तर एप्रिल आहे. परिचर्या परिषदेच्या नियमात एनआयओएसची बारावी नावानिशी मान्य आहे. कला केलेल्या मुलीला बीएस्सी नर्सिंगच करायचं असेल तर तिथून भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी घेऊन नव्यानं बसावं लागेल. ते सोपं नाही, प्रॅक्टिकलसह करावं लागतं, पण ते शक्य आहे. मेडिकललाही मुक्त विद्यालयाची मुलं नको म्हणणारी जुनी अट दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ लाच रद्द केली.

इथंही खड्डा आहेच. ‘ओपन बोर्ड, घरी बसून बारावी, पेपर आम्ही बघतो’ म्हणणारे एजंट ज्या मंडळाचं नाव घेतात, ते कोबसे या शिक्षण मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का, ते बघा. दिल्लीचं नाव लावलं म्हणून मंडळ खरं होत नाही. नर्सिंगची शाळा खरी की खोटी, तेही महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीवरून कळतं. मोबाईलवर दहा मिनिटांचं काम. ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरनं मनावर घेतलं तर तोही करून देईल.

मुक्त विद्यापीठाचा घोटाळाही सांगायला हवा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी करून बारावीशिवाय बीएला गेलेले लोक आपल्यात आहेत आणि त्यांनी काही चुकीचं केलं नाही. पण ती पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, तिच्यावर नर्सिंगला अर्ज होत नाही. विद्यापीठाची आरोग्य शाखेतली पदवी बारावीशिवाय मिळण्याची एक खरी वाट मला सापडली, ती इग्नूच्या पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगची. तिथं दहावी चालते, पण जीएनएम झालेलं, नोकरीत असलेलं आणि पाच वर्षांचा अनुभव असलेलं माणूस लागतं. म्हणजे ती सवलत जुन्या सिस्टरांसाठी आहे, नव्या मुलीला तिचा उपयोग नाही.

दहावीची अट बारावी केली ते चूक, असं मी म्हणणार नाही. औषधाचा डोस इंग्रजीत लिहिलेला असतो, तो वाचता आलाच पाहिजे. माझी तक्रार दुसरी आहे. अट वाढवली, पण गावातल्या कॉलेजात विज्ञान आणलं नाही आणि इंग्रजीला पूर्ण वेळ मास्तर दिला नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलीला फेब्रुवारीत घरात कुणी माणूस नाही, हेही कुणी बघितलं नाही. मधली ती जागा फ्लेक्सवाल्यांनी धरली. त्या फ्लेक्सवर कारवाई कुणी करायची, हे विचारायला मी तालुक्यात दोन कार्यालयं फिरलो. शिक्षणवाले म्हणाले आरोग्याकडं जा, आरोग्यवाले म्हणाले तो विषय आमचा नाही.

पुतणीनं दवाखान्यातली रात्रपाळी करत २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा इंग्रजीचा पेपर दिला. ५ मे ला निकाल बघितला, ३८ मार्क. घरात पेढे वाटले. पण ३८ वर जीएनएम नाही, तिथं ४० लागतात. एएनएमला चालतात. आणि एएनएम होऊन परिषदेत नोंदणी झाली की त्या नोंदणीवर पुढं जीएनएमचा अर्ज करता येतो, वयाची अटही आडवी येत नाही. दोन मार्कांसाठी दोन वर्षांचा वळसा. ती म्हणते चालेल. सध्या डोमिसाईल आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत आहे. सोनेरी शिक्क्याचं ते प्रमाणपत्र भावानं लॅमिनेट करून भिंतीला लावलं होतं, ते तिनंच काढून पेटीत टाकलं.