हृदयाचा ताल आणि परळची झडप

हृदयाचा ठोका म्हणजे आधी वीज आणि मग हालचाल. उजव्या वरच्या कप्प्यातील सायनस नोडमधून विजेची लहर निघते, वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यांत पसरते. स्नायूच्या पेशीत सोडियम शिरले की लहर उठते, कॅल्शियम आले की पेशी आकसते, पोटॅशियम बाहेर पडले की ती पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. लहर भलत्याच जागी उठली किंवा एकाच वाटेवर गोल फिरत राहिली, की ताल बिघडतो. तालाची बहुतेक औषधे या क्षारांपैकी एखाद्याचे दार अडवतात.

सोडियमचे दार अडवणाऱ्या एका औषधाचे मूळ सर्पगंधेत आहे. या मुळीचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे नेला तो मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. ५० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच मुळीतून सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये दिल्लीत ॲजमलिन वेगळे काढले होते. हे नाव हकीम अजमल खान यांच्यावरून पडले. ॲजमलिनने लहर मंदावते आणि गोल फिरणारी लहर विझू शकते. पण ब्रुगाडा हा आनुवंशिक दोष अंगात लपलेला असेल, तर याच औषधाने तो कार्डिओग्रामवर उघडा पडतो. म्हणून युरोपात ते निदानासाठी शिरेतून देतात. ताल सावरण्याची आणि तो बिघडवण्याची ताकद एकाच औषधात असते. तालाच्या औषधांबद्दल यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नाही.

हे वैद्यकाला फार महागात पडून कळले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जास्तीचे ठोके पडणाऱ्या रुग्णांना अमेरिकेत फ्लेकेनाइड व एन्केनाइड देऊन पाहिले गेले. ठोके कमी झाले, कार्डिओग्राम सुधारला. मृत्यू मात्र नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट झाले. १९८९ मध्ये ती चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली.

तालाच्या इतर औषधांपैकी बीटा ब्लॉकर ॲड्रिनॅलिनचा चाबूक आवरतात. व्हेरापामिल कॅल्शियमचे दार अडवते. अमिओडॅरोन मुख्यतः पोटॅशियमचे दार रोखते, त्यामुळे पेशी पुन्हा सज्ज व्हायला वेळ घेते. हे औषध प्रभावी आहे, पण त्याच्या वजनाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन असतो. थायरॉइड, यकृत आणि फुप्फुस यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि गोळी बंद केल्यावरही औषध काही महिने शरीरात उरते.

परळच्या आसपासच्या गिरणगावाला, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीला, जास्त ओळखीचा आजार वेगळा. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, तिथे मुलांच्या घशाचा जंतुसंसर्ग झपाट्याने पसरे. त्यातून संधिवाताचा ताप येई आणि पुढे हृदयाची झडप आखडे. अशा झडपेमागचा कप्पा फुगतो, ठोके देण्याऐवजी नुसता थरथरतो. हेच एट्रिअल फिब्रिलेशन. येथे डिगॉक्सिन एव्ही नोडवर लगाम घालते आणि नाडी संथ होते. कप्पा मात्र थरथरतच असतो, त्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून सोबत वॉरफॅरिन लागते. नव्या, महागड्या गोळ्या येथे सरस ठरल्या नाहीत: २४ देशांतील साडेचार हजार रुग्णांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वॉरफॅरिनच्या जातीची जुनी औषधे घेणाऱ्यांत रिव्हारोक्सॅबॅन घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू कमी होते.

या गोळ्या एकमेकींना ओळखतात. अमिओडॅरोन सुरू झाले की डिगॉक्सिन व वॉरफॅरिन दोन्हींचा जोर वाढतो. मात्रा कमी केली नाही तर विषबाधा किंवा रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबाने किंवा लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटले, तर नेहमीची डिगॉक्सिनची गोळीही घातक ठरते. मळमळ, नजरेपुढे पिवळी झाक, फार संथ नाडी या डिगॉक्सिनच्या विषबाधेच्या खुणा आहेत.

तेव्हा वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर या गोळ्या पुन्हा घेऊ नयेत. चालू असलेली प्रत्येक गोळी, काढ्यासकट, डॉक्टरांना दाखवावी. कार्डिओग्राम, पोटॅशियम आणि वॉरफॅरिन चालू असल्यास रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी यांची तारीख चुकवू नये. आणि घरातल्या मुलाचा घसा तापासह दुखत असेल, तर त्याला वेळेवर दवाखान्यात न्यावे.