हसू का आवरावे?

इंदूरच्या हळदीकुंकवांत पन्नाशीच्या कित्येक भगिनी मोकळेपणाने हसत नाहीत. लघवीचा थेंब जाईल ही धास्ती! ओटीपोटाला झोळीसारखे खालून तोलणारे स्नायू बाळंतपणांनी व ऋतुनिवृत्तीनंतर सैलावतात. पोट, पाठ व श्वासपटल यांच्या साथीने तेच धड स्थिर राखतात. जिना उतरताना तोल डळमळण्याशीही त्यांचा संबंध असू शकतो. ‘वय झाले’ म्हणून हे सोसणे आम्हांस मान्य नाही. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी यावर व्यायाम मांडला. आपल्या मूलबंधाशी त्याचे बरेच साम्य. लघवी रोखल्यागत स्नायू वर ओढून, श्वास न कोंडता, ५ सेकंद धरावेत, तितकाच वेळ सैल सोडावेत. ८-१० वेळा, दिवसातून तीनदा, किमान ३ महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नव्हे. उतार न पडल्यास संकोच न धरता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.